जेटमधली चांदणी

“काय करायचं ते त्याच्या तोंडावर सांगून कर, पोरी. मागच्या मागे काही करू नकोस. तो बिघाड शोधत बसेल.”

गार्डकाका फाटकाशी उभे राहून हे म्हणाले, तेव्हा ती लेकीच्या बुटाची नाडी बांधत होती. एका हातात लेकीचा वळवळणारा पाय, दाताखाली लेकीची टोपी, खांद्यावरून घसरणारी पिशवी. टोपी तोंडातून काढून ती म्हणाली, “काका, तुम्ही पण ना! कुठली गोष्ट कुठे नेता.” आणि मांडीवरचा बिस्किटाचा चुरा झटकावा तसं तिनं ते बोलणं झटकून टाकलं.

काकांनी नुसता अंदाज बांधला होता. त्यांना काय ठाऊक, की पिशवीच्या आतल्या कप्प्यात, कागदी रुमालाच्या घडीत, तांदळाच्या दाण्यापेक्षा जरासा मोठा एक पितळी तुकडा आधीच जाऊन बसला होता. सल्ला आला खरा, पण काम उरकल्यावर आला.

आता हा तुकडा कसला आणि तो चोरायची पाळी तिच्यावर का आली, हे सांगायचं तर आधी सवतीबद्दल सांगायला हवं.

सवत म्हणजे तिच्या वडिलांचं वाफेचं इंजिन. खेळण्यातलं म्हणाल तर बाबांच्या कपाळावर आठ्या पडायच्या. हातभर लांबीचं, काळंकुळकुळीत, खऱ्या आगीवर खरं पाणी उकळून खऱ्या वाफेनं धावणारं. पंपाच्या कारखान्यात टूलरूमचे फोरमन म्हणून निवृत्त झाले तेव्हा बाबांनी ते विकत आणलं, आणि पहिल्याच आठवड्यात त्याचे सगळे स्क्रू सोडवून ठेवले. “कंपनीनं नुसता सांगाडा दिलाय, कपडे मी घालणार,” म्हणाले. मग चिमणी बदलली. वरचा घुमट पितळेचा झाला. ड्रायव्हरच्या खोलीत काडेपेटीएवढ्या लाकडी फळ्यांची जमीन आली. पुढच्या दिव्याची काच आईच्या फुटलेल्या चष्म्याची, आणि ड्रायव्हरच्या गळ्यातला मफलर आईच्याच उसवलेल्या स्वेटरच्या लोकरीचा. आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणायची, “माझ्यासाठी कधी एक फडताळ धड केलं नाहीत. या सवतीचे लाड बघा!” बाबांनी काय करावं? पितळेची पट्टी घेतली, एकेक अक्षर कानशीनं घासून काढलं आणि इंजिनाच्या दोन्ही अंगांना ‘सवत’ अशी पाटी ठोकली. आई हसता हसता खाली बसली होती.

आई गेली. पाटी राहिली.

मागच्या बागेत विटांच्या खांबांवर रुळांची वाटोळी फेरी होती, फुलझाडांच्या वाफ्यांना वळसा घालून परत नळापाशी येणारी. रविवारी सकाळी बाबा सवत पेटवायचे आणि समोरच्या घरातले गार्डकाका हिरवं निशाण घेऊन यायचे. काकांनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, रेल्वेशी त्यांचा संबंध तिकिटापुरता. पण निशाण दाखवल्याशिवाय गाडी सोडायची नाही, हा बाबांचा नियम. दोघंही विधुर. दोघांचं भांडण एकाच गोष्टीवरून. काका म्हणायचे, “माझं निशाण नसेल तर तुझी गाडी हलेल का?” आणि बाबा म्हणायचे, “तुझं निशाण म्हणजे पडद्याचं कापड आहे, गार्डा. वहिनी मला सांगून गेल्यात.”

ती दर रविवारी लेकीला घेऊन यायची. लेकीला स आणि छ यांत फारसा फरक वाटत नव्हता. “छवत आली! छवत आली!” करत ती रुळांच्या कडेनं धावायची आणि तिच्यामागे ही, हात पुढे करून, जणू पोर आत्ता पडणार, आत्ता भाजणार. ती मुळातच धास्तावलेली आई. बाळ झोपलं की श्वास चालू आहे ना म्हणून नाकाशी बोट धरणारी. नवरा चिडवायचा, “अगं, तिला वाढू दे की. तुझ्या पहाऱ्याखाली गवतसुद्धा उगवायचं नाही.”

पण त्या बागेत ती निर्धास्त असायची, कारण बाबांचे नियम तिला लहानपणापासून पाठ होते. त्यांतला पहिला असा, की आग आधी विझली पाहिजे आणि पाणी नंतर संपलं पाहिजे. सवतीची गॅसची टाकी म्हणूनच मुद्दाम लहान होती. गॅस संपे तेव्हा बॉयलरमध्ये थोडं पाणी शिल्लक असे. पुन्हा फेरी मारायची तर आधी पाणी, मग तेल, मग गॅस. हा क्रम बाबांनी तिला पाढ्यांसारखा घोकून घेतला होता.

त्या रविवारी सवत थांबली आणि लेकीनं भोकाड पसरलं. “आजोबा, अजून! अजून!” बाबा हसले. “आलो, आलो, राणीसरकार.” त्यांनी गॅसचा डबा उलटा धरून टाकी भरली. काडी लावली. काकांनी निशाण हलवलं. गाडी सुटली.

पाणी घातलं नव्हतं. तिनं पाहिलं होतं, पण तिला वाटलं, आपलंच लक्ष नसेल. बाबा पाणी विसरतील हे तिच्या मनातही येईना. सवत दोन फेऱ्या गेली, तिसरीत धापा टाकायला लागली आणि वळणावर उभी राहिली. आतली आग मात्र घोंघावत होती. काळ्या रंगाला फोड येऊ लागले, लाकडी जमिनीतून धुराची बारीक रेघ निघाली. बाबा जवळ गेले, वाकून बघत राहिले. मग त्यांनी गॅस बंद न करताच बॉयलरचं टोपण सोडवलं आणि पिचकारीनं गार पाणी आत सोडलं.

तापलेल्या कोरड्या धातूवर गार पाणी. फस्सकन वाफेचा लोट उलटा आला. बाबांचं मनगट भाजलं. लेक त्यांच्या गुडघ्याशी उभी होती. तिला हिनं दंड धरून असं ओढलं की पोरीच्या दंडावर बोटं उमटली.

“पाणी कोणी काढलं यातलं?” बाबा म्हणाले. रागानं नव्हे. खरोखरच विचारत होते.

बाबा नळाखाली मनगट धरून उभे होते आणि काका लेकीला मांडीवर घेऊन उगी करत होते, तेवढ्या वेळात तिनं ठरवलं. दुसरी कोणी मुलगी असती तर तिनं इंजिन उचलून कपाटात कोंडलं असतं, किंवा गॅसचे डबे फेकून दिले असते. नवऱ्यानं नंतर तेच सुचवलं. पण ही टूलरूमच्या फोरमनची मुलगी. बापाच्या शेजारी स्टुलावर बसून पाने आणि स्क्रू ड्रायव्हर हातात देत वाढलेली. तिला वाटलं, कोंडलं तर बाबांचा अपमान होईल. गाडी त्यांच्यापाशी राहू दे, पुसू दे, रंगवू दे, मफलर बदलू दे. फक्त पेटायला नको.

जेट म्हणजे गॅसच्या वाटेवर बसवलेला तो पितळी तुकडा. त्याला मधोमध केसाएवढं भोक, आणि गॅस येतो तो त्यातूनच. बाबा जेट स्वतः लेथवर बनवत, आणि भोक पाडायचे राहिलेले दोन-चार तुकडे त्यांच्या खणात नेहमी असत. आकार तोच, आटे तेच, डोकं तेच. तिनं इंजिन निवल्यावर खरा जेट काढला, बिनभोकाचा बसवला आणि पाना जागच्या जागी ठेवला. हात सराईतासारखे चालले. बाबांनी पाहिलं असतं तर शाबासकी दिली असती.

आणि खरं सांगायचं तर मनाच्या एका कोपऱ्यात तिला वाटत होतं की येत्या रविवारी आपण पकडले जाऊ. बाबांना फसवणं सोपं नाही. जेट खोलतील, एका नजरेत ओळखतील, “ठमे!” म्हणून अशी हाक मारतील की समोरच्या घरातली काच हलेल. मग ती रडेल, ते रडतील, आणि निदान एवढं तरी कळेल, की बाबा अजून बाबाच आहेत.

पुढच्या रविवारी मनगटाला पट्टी बांधून बाबांनी सवत रुळावर ठेवली. या वेळी पाणी घातलं, तेल घातलं, गॅस भरला, सगळं क्रमानं. काडी लावली. काही नाही. दुसरी काडी. तिसरी. लेक म्हणाली, “छवत झोपली?”

“जेट तुंबला असणार,” बाबा म्हणाले. इंजिन आत नेऊन त्यांनी खिडकीपाशी टेबलावर ठेवलं, जेट सोडवला, फुंकर मारली, आणि तो चिमट्यात धरून उजेडाकडे नेला.

ती शाळेत जायच्याही आधीपासूनचा हा खेळ होता. जेट उजेडाकडे धरायचा. भोक साफ असेल तर त्यातून प्रकाशाचा एक टिपका दिसतो. “दिसली का चांदणी?” बाबा विचारायचे. दिसली की टाळी.

बाबा बराच वेळ बघत राहिले. डोळा बारीक केला. चष्मा वर केला, खाली केला. मग त्यांनी चिमटा तिच्यासमोर धरला.

“ठमे, तुझे डोळे चांगले. बघ बरं, चांदणी दिसते का?”

तिनं चिमटा घेतला. खिडकीकडे धरला. पितळ, नुसतं आंधळं पितळ. बाहेर काका निशाण काखेत मारून लेकीला फुलं दाखवत होते. लेक रुळावर चढायला बघत होती आणि काका तिला उतरवत होते. सांगायचं होतं तर ते त्या क्षणी. तोंडावर.

“दिसते, बाबा,” ती म्हणाली.

“झालं तर मग. जेट साफ आहे.” बाबांनी तो तुकडा परत बसवला, नीट, हलक्या हातानं. “म्हणजे बिघाड दुसरीकडे आहे.”

तिथून ते सुरू झालं. आधी गॅसची नळी निघाली. मग टाकी. मग बर्नर. फोनवर ती विचारी, “जेवलात का?” आणि उत्तर येई, “बर्नर काढलाय.” पुढच्या भेटीत सिलिंडर सुटे, चाकं सुटी, प्रेशरचा काटा बशीत, ड्रायव्हर मफलरसकट चहाच्या कपात. एकेक भाग घासूनपुसून पांढऱ्या कापडावर मांडलेला. इतकी स्वच्छ मांडणी, की बघणाऱ्याला वाटावं, वा, काय टापटीप आहे. पण नीट बघितलं की कळे, तोच स्क्रू रोज घासला जातोय.

“राहू द्या ना, बाबा. जुनी झालीय ती.”

“गाडी जुनी होत नाही. हात जुने होतात.” ते आपले तळवे उलटेसुलटे करून बघत. “कारखान्यात कोणाचं यंत्र अडलं की मला बोलवायचे. मी कान लावायचो आणि सांगायचो. आता इथे कान लावतो, तर काही ऐकूच येत नाही.”

तिनं जेट पिशवीतून काढला नाही. दर वेळी वाटे, आज बसवून टाकू. आणि दर वेळी वाफेचा तो लोट आणि लेकीचा चेहरा आठवे, आणि पिशवीची चेन लागलेलीच राही.

एका रविवारी ती फाटकातून शिरली तर आतून बाबांचा आवाज. असा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता.

“तूच हात लावलास! तुझ्याशिवाय येतं कोण इथे? तुला पहिल्यापासून पोटात दुखत होतं, माझी गाडी चालते आणि तुला नुसतं निशाण हलवावं लागतं म्हणून!”

काका दारात आले. चेहरा पांढराफटक. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि तिला कळलं की त्यांना सगळं ठाऊक आहे. बहुधा गाडी पहिल्यांदा पेटली नाही त्या दिवसापासूनच.

“काका, मी सांगते त्यांना. आत्ता सांगते.”

“आत्ता नको,” काका हळूच म्हणाले. “आत्ता सांगितलंस तर तुलाही बाहेर काढील. मग त्याच्याकडे येणार कोण?” त्यांनी निशाणाची गुंडाळी केली. “मी समोरच आहे. खिडकीतून बघत असतो. दिवा लागला की कळतं.”

“मी सांगितलं होतं,” असं ते म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर तिला बरं वाटलं असतं.

त्यानंतर बाबा बागेतही जाईनासे झाले. विटांवरच्या रुळांवर वेल चढला. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई गोड बोलल्या, समजावून बोलल्या, आणि त्या सगळ्या गोड बोलण्याचा अर्थ एवढाच होता, की गेलेलं परत येणार नाही आणि उरलेलंही जात राहील. “त्यांना कशात तरी गुंतवून ठेवा,” त्या म्हणाल्या. “हाताचं काही काम. आवड आहे का त्यांना कसली?”

ती हसली. डॉक्टरीणबाईंना ते विचित्र वाटलं असावं.

त्याच दिवशी दवाखान्यातून परतल्यावर तिनं बाबांना टेबलाशी बसवलं, पिशवी उघडली आणि कागदी रुमालाची घडी सोडवून जेट कापडावर ठेवला. दुपार होती. लेक जमिनीवर चाकं ओळीनं लावत होती. आजोबांनी आपणहून दिली होती खेळायला.

“बाबा, हा आपला जेट. मी काढला होता. मला भीती वाटली होती, तुम्हाला भाजेल, हिला भाजेल. त्याच्या जागी मी आंधळा बसवला. म्हणून गाडी पेटली नाही. तुमच्या हातांना काही झालेलं नाही. काकांनीही काही केलेलं नाही. मी केलं.”

हे बोलणं तिनं कितीदा मनात घोळवलं होतं. एका दमात बोलून टाकलं आणि हाक ऐकायला थांबली.

बाबांनी चिमटा घेतला. जेट उचलला. खिडकीकडे धरला. आणि त्यांचा चेहरा उजळला. खरंच उजळला, कित्येक आठवड्यांत प्रथमच.

“चांदणी आहे,” ते म्हणाले. “काय सुरेख भोक पाडलंय! चांगल्या कारागिराचं काम आहे. कोणाचा गं हा?”

“आपलाच, बाबा. सवतीचा.”

“छे, आपला कसा असेल? आपला तर साफ आहे. तूच नाही का बघून सांगितलंस?” ते तिच्याकडे इतक्या विश्वासानं बघत होते की तिला नजर खाली घ्यावी लागली. “चांदणी दिसते म्हणालीस.”

“खोटं बोलले मी.”

“तू?” बाबा हसले. लेकरू काहीतरी भलतंच बोललं की मोठी माणसं हसतात, तसे. “तू कशाला खोटं बोलशील? तेही जेटच्या बाबतीत?”

तिनं पुन्हा सांगितलं. दुसऱ्या शब्दांत सांगितलं. हात धरून सांगितलं. ते ऐकत होते, मान डोलावत होते, आणि प्रत्येक वेळी फिरून तिथेच येत होते, की ठमीनं बघितला होता, आपला साफ होता, तेव्हा हा आपला नव्हे. डोक्यातल्या बाकी सगळ्या गोष्टी पांगत चालल्या होत्या, आणि तिचं ते एक खोटं वाक्य मात्र आत पक्कं बसलं होतं, त्यांनी स्वतः पिळून बसवल्यासारखं.

मग त्यांनी जेट त्याच कागदी रुमालात ठेवला, काळजीपूर्वक घडी घातली आणि तिच्या हातात देऊन तिची मूठ बंद केली.

“कोणाचा तरी पडलाय. नेऊन दे त्याला. बिचारा शोधत बसला असेल. गाडी पेटत नाही ना, की माणसाला वाटतं आपलेच हात गेले. कोणी सांगायलाही जात नाही.” ते खिडकीबाहेर बघू लागले, जणू त्या माणसाला कुठेतरी पाहिल्याचं आठवत होतं. “आणि देऊन लगेच निघू नकोस हं. जरा बस त्याच्यापाशी. जेवलाय का विचार.”

“विचारते, बाबा,” ती म्हणाली. “जेवलात का?”

पण ते पुन्हा स्क्रू घासायला लागले होते. समोरच्या घरातला पडदा जरासा हलला. लेकीची चाकं मोजून झाली आणि ती परत पहिल्यापासून लावायला लागली.

जेट अजून तिच्या पिशवीत आहे. बसवायचा तरी कशात?

म्हणून तुम्हाला एक विनवणी आहे. तुमच्याही ओळखीत असं कोणी असेल, ज्याचे हात चालायचे आणि हल्ली फोनवर “काही नाही, जरा काम काढलंय” एवढंच म्हणतो. वडील असतील, काका असतील, समोरच्या घरातले मास्तर असतील. फोनवर समाधान मानू नका. आज जाऊन या. दारातून परत फिरू नका, आत जा, टेबलावर काय उघडून ठेवलंय ते बघा, आणि जेवलात का विचारा.